क्रिएटिनिनची शिल्लक

आमच्या दिवाणखान्यातल्या फडताळात दोन फायली शेजारी शेजारी उभ्या आहेत. निळी ह्यांची, तिला आता नाडीने बांधून ठेवावे लागते. पिवळी माझी, आणि तिच्यात मोजून नऊ कागद आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझे डावे मूत्रपिंड काढून ह्यांच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवण्यात आले, तेव्हापासून एकाच जोडीतले एक मूत्रपिंड माझ्याकडे आणि दुसरे ह्यांच्याकडे असा आमचा संसार चालू आहे. त्याआधीची अडीच वर्षे ह्यांनी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसवर काढली होती. माझा रक्तगट ओ आणि ह्यांचा बी, त्यामुळे ती अडचण आली नाही, आणि पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने जवळची नातेवाईक असल्यामुळे कागदपत्रांचा व्यापही आटोक्यात राहिला.

मी डॉक्टर नाही. सहकारी बँकेत चोवीस वर्षे खातेवह्या तपासण्यात गेली आहेत, आणि आकडा दिसला की त्याच्या मागे जाण्याची खोड तिथलीच. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरात आकड्यांना तोटा नसतो, पण त्या सगळ्यांत मानाचे पान क्रिएटिनिनचे. ओपीडीच्या बाकावर बसलेली माणसे एकमेकांना नाव विचारण्याआधी "तुमचं किती?" असे विचारतात, आणि हा प्रश्न कशाचा आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. १.१ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद असतो, आणि १.९ सांगणारा आवाज खाली आणतो. पहिले काही महिने मीही याच परीक्षेला बसत होते. नंतर जे अनुभव आले त्यांतून माझे मत बदलले. क्रिएटिनिन ही खात्यातली शिल्लक आहे. शिल्लक हलली एवढे त्यावरून कळते, कोणत्या व्यवहाराने हलली ते कळत नाही, आणि प्रत्यारोपणात नेमके तेच कळणे जिवावरचे असते, कारण शिल्लक सारखीच हलवणाऱ्या दोन कारणांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात.

क्रिएटिनिन मूत्रपिंडात तयार होत नाही, ते स्नायूंत तयार होते. स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारे क्रिएटिन नावाचे द्रव्य रोज थोडे थोडे मोडते, त्याचे क्रिएटिनिन होते आणि ते रक्तातून मूत्रपिंडाकडे जाते. मूत्रपिंडातल्या गाळण्या त्यातले बहुतेक गाळून टाकतात, आणि थोडा भाग गाळणीच्या पुढच्या नलिकांमधूनही थेट लघवीत सोडला जातो. गाळणी मंदावली की ते रक्तात साचते, इतका साधा हिशेब आहे. ते मोजण्याची जुनी रीत जर्मन वैज्ञानिक माक्स याफे यांना १८८६ साली दिसलेल्या एका गोष्टीवर उभी आहे: अल्कली मिसळलेल्या पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन गेले की द्रावण नारिंगी होते. आजही अनेक प्रयोगशाळांत यंत्र हाच नारिंगी रंग मोजते. या रंगाला फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. उपाशी शरीरात वाढणारे कीटोन किंवा काही प्रतिजैविके आकडा खोटा वाढवतात, तर कावीळ तो खोटा उतरवते. एन्झाइम वापरणारी नवी पद्धत अधिक नेमकी असते आणि अर्थातच महाग असते. एकदा आम्ही एकाच दिवशी गावातल्या प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात रक्त दिले, तर एकीकडे १.६ आणि दुसरीकडे १.४ आले. त्या दिवसापासून प्रयोगशाळा एकच ठेवली. दोन बँकांच्या पासबुकांवरून एका खात्याचा कल काढता येत नाही.

आता आमच्या जोडीविषयी. दानापूर्वी माझे क्रिएटिनिन ०.७ होते. दानानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ते १.० होते आणि ह्यांचे १.३. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे चांगलं तू ठेवून घेतलंस." त्या विनोदाने म्हणाल्या होत्या, पण मला रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ईजीएफआरचे गणित शिकले. ईजीएफआर म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून काढतात, कारण स्नायू जास्त असतील तर तेवढ्याच चांगल्या मूत्रपिंडातही क्रिएटिनिन जास्तच राहणार. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला. दानापूर्वी वय ४६ आणि क्रिएटिनिन ०.७, म्हणजे माझा ईजीएफआर सुमारे १०८. दानानंतर वय ४७ आणि क्रिएटिनिन १.०, म्हणजे ७०. ह्यांचे वय ५१ आणि क्रिएटिनिन १.३, म्हणजे ६७. एक मूत्रपिंड गेल्यावर उरलेले थोडे मोठे होऊन जास्त काम अंगावर घेते, म्हणून माझा आकडा १०८ च्या निम्म्यावर, ५४ वर, न जाता ७० वर थांबला होता. आणि ह्यांच्याकडे गेलेले मूत्रपिंडही जवळजवळ तेवढेच काम करत होते. १.० आणि १.३ यांतला सगळा फरक ह्यांच्या दंडांचा आणि मांड्यांचा होता. सासूबाईंना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद घडी घालून देवघरात ठेवला.

पण हे झाले सहाव्या महिन्याचे. त्याआधीच क्रिएटिनिनने आम्हांला दोनदा घाबरवले होते, आणि दोन्ही वेळा कारणे निराळी होती.

पहिली वेळ तर निव्वळ औषधाची करामत. घरी सोडताना क्रिएटिनिन १.२ होते. त्याच सुमारास को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे लोक जिला सेप्ट्रान म्हणून ओळखतात ती जुनी गोळी, रोज सुरू झाली. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो, तो टाळण्यासाठी ही गोळी काही महिने देतात, आणि लघवीच्या संसर्गालाही ती थोडा पायबंद घालते. आठवड्याने क्रिएटिनिन १.४ झाले. मी रात्री अकरा वाजता रुग्णालयातल्या प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरला फोन केला. त्या बाईंनी शांतपणे सांगितले, की या गोळीतले ट्रायमेथोप्रिम नलिकांमधून सुटणारे क्रिएटिनिन अडवते; गाळणी तेवढीच चालते, फक्त मागचे दार बंद होते, म्हणून रक्तातला आकडा चढतो. "युरिया वाढला आहे का? नाही ना? लघवी नेहमीसारखी होते आहे ना? मग पोटॅशियमवर लक्ष ठेवा, क्रिएटिनिनवर नको." पोटॅशियमवर लक्ष ठेवायचे कारण तीच गोळी तेही चढवते. म्हणजे संसर्ग टाळणारे औषध मूत्रपिंडाच्या रिपोर्टमध्ये आजाराचे सोंग घेऊन येते, हा मला शिकायला मिळालेला पहिला धडा.

दुसरी वेळ खरी होती. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ह्यांना जेवण नकोसे झाले. थर्मामीटरवर ९९.८ होते. एरवी त्याला मी ताप म्हटलेही नसते, पण आम्हांला सुट्टी देताना दिलेल्या कागदावर पहिलीच ओळ होती, की स्टेरॉइड घेणाऱ्याचा ताप दबलेला असतो, तेव्हा १०० ची वाट पाहू नये. पोटात दुखत नव्हते, कमरेत दुखत नव्हते. दुखणार तरी कसे? रोपण करताना रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात, पण मूत्रपिंडाच्या मज्जातंतूंची तार तुटते ती तुटतेच. त्यामुळे आतला संसर्ग तुमच्याआमच्यासारखी कळ देऊन आपली वर्दी देईलच असे नाही. रक्त दिले. क्रिएटिनिन १.९. पांढऱ्या पेशी ७,२०० म्हणजे अगदी सामान्य. शरीरातला दाह दाखवणारा सीआरपी मात्र ९६, आणि त्या प्रयोगशाळेची मर्यादा ६ होती. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू वाढला, तोही साध्या प्रतिजैविकांना दाद न देणारा. शिरेतून दहा दिवस औषध चालले, सीआरपी उतरला आणि मागोमाग क्रिएटिनिन १.३ वर आले.

या प्रसंगातला पांढऱ्या पेशींचा आकडा मला फार दिवस खटकत होता. घरात कोणालाही ताप आला की काउंट वाढतो का ते पाहायचे, हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. पण मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेणाऱ्याच्या पेशी मुळातच खाली दाबलेल्या असतात. त्यात सीएमव्ही विषाणूसाठी व्हॅल्गान्सिक्लोव्हिर चालू असेल तर त्या आणखी उतरतात, आणि याच्या उलट स्टेरॉइडचा डोस वाढवला की कोणताही संसर्ग नसताना त्या वाढलेल्या दिसतात. म्हणजे ज्या आकड्यावर आपण सर्वाधिक विसंबतो तो इथे तीन औषधांच्या ओढाताणीत लटकत असतो. सीआरपी यकृतात तयार होतो आणि दाह सुरू झाल्यावर काही तासांत चढू लागतो, म्हणून तो अधिक उपयोगी पडतो. पण दाह जिवाणूचा आहे, विषाणूचा आहे की नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेचा आहे, हे तो सांगत नाही. जिवाणूंच्या बाबतीत प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तात मोजले जाणारे दुसरे द्रव्य जरा जास्त नेमके असते असे म्हणतात. मात्र रोपणाच्या वेळी प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी एटीजी, म्हणजे बहुधा सशांच्या शरीरात तयार करवलेली प्रतिद्रव्ये, दिली असतील तर ते संसर्गाविनाही उसळते, आणि मूत्रपिंडाचे काम मंद असले तरी त्याची पातळी थोडी वरच राहते. ह्यांना एटीजी दिले होते. त्या पहिल्या आठवड्यातला प्रोकॅल्सिटोनिनचा रिपोर्ट मी आजही फाईलमध्ये पाहते आणि तेव्हा तो माझ्या हाती कोणी दिला नाही याबद्दल देवाचे आभार मानते.

टॅक्रोलिमसचा आकडा वेगळाच. प्रतिकारशक्ती दाबणारे हे औषध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले, आणि आज बहुतेक प्रत्यारोपणांचा भार त्याच्यावर आहे. त्याची रक्तातली पातळी कमी पडली तर शरीर परके मूत्रपिंड ओळखून त्यावर चालून जाते, ज्याला सगळे रिजेक्शन म्हणतात. जास्त झाली तर संसर्गाला दार उघडे राहते आणि शिवाय औषध स्वतःच मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळून क्रिएटिनिन वाढवते. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचे असते. एकदा रक्त न्यायला येणारा मुलगा पावसात अडकला, नऊची गोळी नऊलाच घ्यायची ही शिस्त अंगात मुरलेली, ह्यांनी ती घेतली, आणि साडेदहाला रक्त गेले. पातळी १८ आली. डॉक्टरांनी डोस कमी करण्यापूर्वी "रक्त किती वाजता दिलं?" असे विचारले म्हणून बरे झाले, विचारले नसते तर एका खोट्या आकड्यावरून खऱ्या औषधाला कात्री लागली असती. तेव्हापासून तपासणीच्या आदल्या रात्री ती गोळी मी पालथ्या वाटीखाली ठेवते, आणि रक्त जाईपर्यंत वाटी उचलायची नाही असा नियम आहे.

जुलाबांचेही असेच. साध्या माणसाला जुलाब झाले तर औषध वाहून जाते असे वाटते, पण टॅक्रोलिमसची पातळी अशा वेळी वाढते, कारण ते औषध आतड्यातच मोडणारी यंत्रणा आजारात बिघडते आणि जास्त औषध रक्तात शिरते. अंगातले पाणी कमी झालेले असते, पातळी वाढलेली असते, आणि दोन्ही मिळून क्रिएटिनिन वर ढकलतात. त्यातच एखाद्याने घरगुती सल्ल्याने बुरशीवरची गोळी किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतले तर पातळी दुप्पटही होऊ शकते. उलट, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले की ती भसकन खाली येते. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मिळ नाही; त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्याला क्षय झाला म्हणजे एका आजारावरचे उत्तम औषध दुसऱ्या बाजूने मूत्रपिंड धोक्यात आणते, आणि डॉक्टरांना रिफाब्युटिनसारखी वाट शोधावी लागते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या आठव्या महिन्याकडे येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिएटिनिन १.३ वरून १.५ झाले, पंधरा दिवसांनी १.८. ताप नाही, जळजळ नाही, लघवी स्वच्छ, सीआरपी ४, टॅक्रोलिमस ७.६ म्हणजे तेव्हा हवे तितकेच. घरातल्या सगळ्यांच्या, आणि खरे सांगायचे तर माझ्याही, मनात एकच शब्द होता: रिजेक्शन. आणि रिजेक्शन असेल तर उपाय ठरलेला, तीन दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून, ज्याला पल्स म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला आणखी जोराने दाबायचे. ओपीडीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी तर "आज ॲडमिट करून घेतील, पल्स देतील, घाबरू नका" असे सांगून मला धीरही दिला होता.

आमच्या डॉक्टरांनी पल्स दिला नाही. त्यांनी आधी विचारले, की बीकेची तपासणी शेवटी कधी झाली. आणि इथे चूक आमची होती. पहिल्या वर्षात दर महिन्याला रक्तातला बीके विषाणू पीसीआरने मोजायचा असे वेळापत्रकात लिहून दिलेले होते. नमुना बाहेरगावी पाठवावा लागत असे, दर वेळी काही हजार रुपये जात, आणि पहिले पाच रिपोर्ट निरंक आल्यावर मीच म्हणाले होते, की हा महिना सोडून देऊ. एक महिन्याचे दोन झाले. खर्चाला कात्री लावताना कोणती नोंद सुटते आहे हे पाहणे हे माझे चोवीस वर्षांचे काम, आणि घरच्या खात्यात मी तेवढेच केले नाही.

बीके हे नाव कसे पडले हे मला नंतर कळले. १९७१ साली लंडनमध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा विषाणू प्रथम सापडला, आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे बी आणि के होती. त्याचे पूर्ण नाव जगाला माहीत नाही, अक्षरे मात्र हजारो रिपोर्टांवर छापली जातात. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, सर्दीपडशासारख्या किरकोळ आजारात किंवा काहीच न जाणवता, भेटून जातो आणि मूत्रपिंडात व मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो. रोपित मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींत वाढतो, त्या फोडतो, आणि क्रिएटिनिन हळूहळू चढते. ताप येत नाही. सीआरपी हलत नाही. रक्ताच्या साध्या तपासण्यांत या संसर्गाची एकच खूण उमटते, ती म्हणजे तेच क्रिएटिनिन, जे रिजेक्शनमध्येही तसेच चढते. आणि उपाय? प्रतिकारशक्ती मोकळी सोडायची, म्हणजे औषधे कमी करायची. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचा मारा केला तर विषाणूला रान मोकळे. बीके समजून औषधे कमी केली आणि ते रिजेक्शन निघाले तर मूत्रपिंड जाण्याची भीती. १.८ हा आकडा या दोन्ही वाटांच्या तोंडाशी सारख्याच चेहऱ्याने उभा असतो.

पीसीआरमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरला विषाणूच्या ४२,००० प्रती निघाल्या. दहा हजारांच्या वर गेल्यास मूत्रपिंडाला इजा होत असल्याचा संशय धरतात. तरीही नक्की करण्यासाठी बायोप्सी केली, कारण दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. रोपित मूत्रपिंड पोटाच्या पुढच्या बाजूला, कातडीपासून फार खोल नसते, त्यामुळे उताणे निजवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई घालतात. त्या सुईच्या स्प्रिंगचा "टक्" असा आवाज दाराबाहेर मला दोनदा ऐकू आला. नंतरचे सहा तास हे हलायचे नाही म्हणून छताकडे पाहत पडून होते आणि मी शेजारी बसून, ज्या अवयवाला दोनदा टोचले तो शेचाळीस वर्षे माझ्या पोटात होता, याचा विचार करत होते. अहवालात बीके आला. रिजेक्शनच्या खुणा नव्हत्या.

त्या दिवशी मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला आणि त्यांनी तो टाळला नाही. हा विषाणू कोणाचा? पुष्कळ वेळा तो दात्याच्या मूत्रपिंडाबरोबरच येतो, असे ते म्हणाले. म्हणजे बहुधा माझाच. माझ्यात तो इतकी वर्षे निमूट राहिला आणि आजही माझ्या उजव्या मूत्रपिंडात कदाचित निमूट आहे. "ताई, रस्त्यावरच्या बहुतेकांत तो असतो. तुमच्याऐवजी दुसरं कोणी दिलं असतं तर त्यांचा आला असता," ते म्हणाले. हे खरे आहे आणि तरी ती रात्र मला जड गेली, एवढेच लिहिते.

मायकोफेनोलेट निम्म्यावर आणले, टॅक्रोलिमसची पातळी ५ च्या आसपास ठेवायचे ठरले. त्यानंतरचे चार महिने आम्ही दर पंधरा दिवसांनी दोन आकडे शेजारी शेजारी लिहीत होतो. प्रती ४२,००० वरून ११,०००, मग हजाराच्या आत, आणि मार्च २०२३ मध्ये "आढळल्या नाहीत". क्रिएटिनिन मात्र १.८ वरून १.५ पर्यंत उतरले आणि तिथेच थांबले. १.३ परत आले नाही. फुटलेल्या नलिकांच्या जागी जो व्रण धरतो त्याची ती किंमत असते. आता ह्यांची मूळ रेषा १.५ आहे, आणि पुढचा प्रत्येक रिपोर्ट त्या रेषेशी ताडायचा. छापील मर्यादेशी नाही, आणि बाकावरच्या शेजाऱ्याशी तर नाहीच.

शेजाऱ्यावरून आठवले. त्याच ओपीडीत भेटणारे एक काका होते, अतिशय कृश. त्यांचे क्रिएटिनिन ०.९, आणि सगळ्यांना त्यांचा हेवा वाटायचा. पण वर्षभरात ते तीन वेळा संसर्गाने आत जाऊन आले. डॉक्टरांनी त्यांना सिस्टॅटिन सी तपासायला सांगितले, तेव्हा त्या आकड्यावरून काढलेला गाळण्याचा वेग क्रिएटिनिनने दाखवलेल्या वेगापेक्षा बराच कमी निघाला. सिस्टॅटिन सी हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे ते स्नायूंवर अवलंबून नसते. डायलिसिसची वर्षे, स्टेरॉइड आणि वारंवारची आजारपणे यांनी काकांचे स्नायूच झिजले होते, आणि स्नायू झिजले म्हणून क्रिएटिनिन कमी दिसत होते. म्हणजे जो आकडा मूत्रपिंडाचे कौतुक म्हणून वाचला जात होता तो खरे तर अशक्तपणाचा दाखला होता. सिस्टॅटिन सीही निर्दोष नाही. स्टेरॉइडने, दाहाने, थायरॉइड जास्त काम करू लागल्याने ते वाढते, आणि ते महाग पडते, म्हणून सरसकट कोणी करत नाही. पण ज्याचा देह वाळला आहे आणि क्रिएटिनिन सुरेख आहे, त्याच्या बाबतीत ते एकदा करून घ्यावे असे मला वाटते.

गाळण्याचा वेग आणि संसर्ग यांचा संबंध काकांपुरता नाही. रोपित मूत्रपिंडाचे काम जितके कमी, तितके संसर्गाने रुग्णालयात जाण्याचे प्रमाण जास्त, असे निरनिराळ्या देशांतल्या रुग्णांच्या नोंदींत दिसले आहे. त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. न गाळलेली द्रव्ये रक्तात साचली की लढणाऱ्या पेशी मंदावतात, हे तर डायलिसिसवरच्या रुग्णांत फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्यांना रिजेक्शन होऊन गेले त्यांचे मूत्रपिंडही दुबळे झालेले असते आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही जास्त मिळालेली असतात, तेव्हा कशामुळे काय झाले हे वेगळे काढणे सोपे नाही. आणि एक कारण केवळ हिशेबाचे आहे: व्हॅल्गान्सिक्लोव्हिरसारखी औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून त्यांचा डोस गाळण्याच्या वेगावर ठरतो. वेग ६० च्या वर असेल तर प्रतिबंधासाठी रोज ९०० मिलिग्रॅम, ४० ते ५९ असेल तर ४५०. कृश माणसाचा वेग क्रिएटिनिनवरून ६५ वाटला आणि प्रत्यक्षात ४५ असला, तर विषाणू टाळण्यासाठी दिलेले औषध दुप्पट पडते, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि दुसराच संसर्ग आत येतो. काकांच्या पेशी एकदा १,४०० वर आल्या होत्या. त्याचे कारण हेच होते की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्यांचा डोस त्यानंतर निम्मा झाला.

आमच्या घरी सध्या असे चालते. महिन्यातून एकदा क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, काउंट आणि टॅक्रोलिमस. तीन महिन्यांनी बीके, न चुकता, पैसे आधीच बाजूला काढून. आकडा आधीच्यापेक्षा ०.३ ने वाढला तर फोन करायचा, आणि त्याआधी एका कागदावर लिहायचे: आदल्या दिवशी मटण खाल्ले होते का, कारण शिजवलेल्या मांसातून तयार क्रिएटिनिनच पोटात जाते, पाणी कमी पडले का, नवीन गोळी कोणती, जुलाब, रक्त देण्याची वेळ. डॉक्टर हा कागद रिपोर्टच्या आधी मागतात. कबुतरांच्या विष्ठेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो म्हणून गच्चीची सफाई माझ्याकडे आली आहे, आणि पावसाळ्यात ह्यांचे बाहेरचे खाणे पूर्ण बंद असते. त्यावरून दर जुलैत एकदा भांडण होते.

गेल्या महिन्यात निळी फाईल लावताना पिवळी हातात आली. दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायचे असते, आणि माझ्या शेवटच्या कागदाला एकोणीस महिने झाले होते. सोमवारी रक्त न्यायला मुलगा आला तेव्हा ह्यांच्यानंतर मीही हात पुढे केला. ह्यांचे १.५ आले, माझे १.०. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, त्यासाठी पुढच्या शुक्रवारी जायचे आहे.